रात्री साडेनवाला रक्त कशाला मागतात?

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. सिंदी मेघेतल्या एका घरी जेवणं आटोपलीत, गाद्या घालून झाल्यात, आणि तेवढ्यात दारावर थाप पडते. बाहेर आशाताई उभ्या. त्यांच्यासोबत आरोग्य खात्याचे दोन कर्मचारी. एकाच्या हातात काचपट्ट्यांचा डबा, दुसऱ्याकडे टॉर्च आणि नोंदवही.

"घरातल्या सगळ्यांच्या बोटाचं थोडं थोडं रक्त पाहिजे," ताई सांगतात.

आजी वैतागते. "एवढ्या राती कायचं रक्त वो बाई? सकाळी या ना, चहा बी पाजतो!"

आजीचं काही चुकलं का? रक्त काय, सकाळीही तेच आणि रात्रीही तेच. पण ही मंडळी सकाळी आली, तर चहा मिळेल, रक्तही मिळेल, आणि ज्याला शोधायला ती निघालीत तो मात्र सापडणार नाही. कारण तो दिवसा बोटात नसतोच! तो असतो फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत. आणि रात्र झाली की बाहेर पडून अंगभर हिंडायला लागतो, बोटांच्या टोकापर्यंत.

कोण बरं हा? हत्तीरोगाच्या जंताचं पिल्लू. हत्तीरोग म्हणजे आपण ज्याला हत्तीपाय म्हणतो तो आजार. विदर्भातल्या बऱ्याच जिल्ह्यांत तो जुना ठाण मांडून बसलेला आहे आणि वर्धा जिल्हा त्यातलाच एक. (सिंदी मेघे म्हणजे वर्धा शहराला लागून असलेलं गाव बरं का. रेल्वे स्टेशनवाली सिंदी वेगळी, ती सेलू तालुक्यात.) हा जंत पसरवतो क्युलेक्स जातीचा डास. त्याला स्वच्छ पाणी नको असतं. तुंबलेली गटारं, शौचालयाच्या टाक्या, घाण पाण्याची डबकी, तिथं तो मजेत वाढतो. शहराला खेटून भराभर वाढणाऱ्या वस्त्यांत अशी पाण्याची ठिकाणं भरपूर असतात.

मोठा झालेला जंत आपल्या अंगातल्या लसीकावाहिन्यांत राहतो. शरीरातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या या बारीक नळ्या. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, नर चारेक सेंटिमीटर, आणि दोघंही दोऱ्याइतके बारीक. हे जंत तिथं कित्येक वर्षं जगतात आणि मादी लाखो पिल्लं सोडत राहते. ही पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात उतरतात. लांबी साधारण पाव मिलिमीटर. चार पिल्लं एका रांगेत ठेवली तर तुमच्या पट्टीवरचा एक मिलिमीटर भरेल!

आता खरी गंमत. पिल्लाला मोठं व्हायचं असेल तर आधी डासाच्या पोटात जायला हवं. माणसाच्या रक्तात ते कितीही फिरलं तरी वाढत नाही. आणि क्युलेक्स डास चावतो कधी? रात्री, आपण गाढ झोपलेले असताना. म्हणजे पिल्लू रात्री कातडीजवळ आलं तरच त्याला गाडी मिळणार. दिवसा तिथं येऊन त्याला काय उपयोग?

म्हणून प्रयोगशाळेत आजार ओळखायला शिकायचं, तर सूक्ष्मदर्शकात डोळा घालण्याच्या आधीच एक धडा गिरवावा लागतो: ज्याला शोधायचं त्याची वेळ माहीत करून घ्या. वर्धा जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सेवाग्रामचं १९६९ साली सुरू झालेलं आणि सावंगी मेघेचं १९९० सालचं. दोन्हीकडे डॉक्टर होऊ घातलेली मुलं-मुली सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासाला परजीवींच्या काचपट्ट्या बघायला शिकतात. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या अंगात किंवा अंगावर राहून त्याच्याच जिवावर जगणारे जीव. पुस्तकात प्रत्येकाचं चित्र असतं. पण चित्र पाठ करून भागत नाही. रक्त घ्यायचं की शौचाचा नमुना, सकाळी की रात्री, ताजा की ठेवलेला, इथं चूक झाली तर जगातला सगळ्यात महागडा सूक्ष्मदर्शकसुद्धा काही दाखवणार नाही.

हे पिल्लांचं वेळापत्रक सापडलं कसं, त्याची गोष्ट फार छान आहे.

१८७२ साली कोलकात्यात टिमथी लुईस नावाच्या डॉक्टरला माणसाच्या रक्तात ही वळवळणारी पिल्लं दिसली. पण ती एका माणसातून दुसऱ्यात जातात कशी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने एक धाडसी प्रयोग केला. त्याच्या माळ्याच्या, हिन लोच्या रक्तात ही पिल्लं होती. मॅन्सनने त्याला रात्री डास असलेल्या खोलीत झोपवलं. डास पोटभर रक्त प्याले. सकाळी मॅन्सनने ते डास पकडले आणि रोज थोडे थोडे उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. डासाच्या पोटात पिल्लं मरून जायला हवी होती, नाही का? उलट ती वाढत होती! डास नुसता चावरा कीटक नसून आजाराची ने-आण करतो, हे जगाला पहिल्यांदा कळलं ते इथून. मलेरियाचा आणि डासाचा संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला दाखवला तो त्यानंतर वीस वर्षांनी, १८९७ साली. आणि त्याला त्या वाटेवर ढकलणारा माणूस होता हाच मॅन्सन.

(आज असा प्रयोग कोणी माणसावर करू गेलं तर त्याला परवानगी मिळणार नाही, आणि ते बरोबरच आहे. हिन लोला नीट समजावून विचारलं होतं का, हा प्रश्न मला पडतो. या शोधात मॅन्सनइतकंच हिन लोचं नावही घेतलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.)

पुढे मॅन्सनच्या लक्षात आलं की एकाच माणसाच्या रक्तात पिल्लं कधी ढीगभर दिसतात, तर कधी एकही नाही. मग त्याने दोन मदतनीस कामाला लावले. एकाने दिवसा रक्त तपासायचं, दुसऱ्याने रात्री. आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर चित्र लख्ख झालं. संध्याकाळनंतर पिल्लं वाढू लागतात, मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात जास्त होतात आणि उजाडेपर्यंत ओसरतात. रोज. न चुकता.

मग लंडनमधल्या स्टीफन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरला एक भन्नाट कल्पना सुचली. त्याच्याकडे हत्तीरोगाची पिल्लं रक्तात असलेला एक रुग्ण होता. मॅकेन्झीने त्याला दिवसा झोपवलं आणि रात्री जागं ठेवलं. काही दिवसांत काय झालं असेल? पिल्लांनीही आपली पाळी बदलली! ती दिवसा रक्तात येऊ लागली. म्हणजे पिल्लांना सूर्य कळत नाही, चंद्र कळत नाही. त्यांना कळतं ते आपण झोपलोय की जागे आहोत.

आतमध्ये बसून त्यांना ते कळतं कसं? यावर खूप काम केलं फ्रँक हॉकिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने. आडनाव ओळखीचं वाटतंय? बरोबर! कृष्णविवरांवर संशोधन करणाऱ्या स्टीफन हॉकिंगचे हे वडील. १९५०च्या दशकाच्या शेवटी ते संशोधनासाठी वर्षभर लखनौला येऊन राहिले होते. हॉकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की रुग्णाला रात्री ऑक्सिजन हुंगायला दिला की बोटाच्या रक्तातली पिल्लं कमी होतात. ती फुप्फुसांतच अडून राहतात. जागेपणी आणि झोपेत आपल्या रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण जरा वेगळं असतं, आणि पिल्लू त्या फरकावरून वेळ ओळखत असावं, असा त्यांचा तर्क होता. पाव मिलिमीटरचा जीव, ना डोळे, ना कान, आणि घड्याळ मात्र पक्कं!

आफ्रिकेत याच्या नात्यातला एक जंत आहे, लोआ लोआ. त्याला नेणारी माशी दिवसा चावते. मग त्याची पिल्लं रक्तात कधी येत असतील? तुम्ही ओळखलंच असेल, भर दुपारी. प्रशांत महासागरातल्या काही बेटांवर तर आपल्याकडचाच हत्तीरोगाचा जंत आहे, पण तिथले डास दिवसा चावतात. तर तिथल्या पिल्लांनी रात्रीचा हट्ट सोडून दिलाय. ती दिवसाही रक्तात असतात.

आता पुन्हा त्या काचपट्ट्यांकडे जाऊ. बोटाला बारीक सुई टोचून २० घन मिलिमीटर रक्त घ्यायचं. मोठ्या थेंबाच्या आतबाहेरच म्हणा. ते पट्टीवर पसरायचं, पट्टीवर क्रमांक घालायचा, वहीत नाव लिहायचं, आणि पट्टी सुकू द्यायची. सुकताना एक पहारा ठेवावा लागतो. कसला माहितीये? मुंग्या, माश्या आणि झुरळांवर! वाळलेलं रक्त त्यांना आवडतं. रात्रभर उघडी राहिली तर सकाळी पट्टी चाटूनपुसून साफ.

प्रयोगशाळेत आल्यावर पट्टी साध्या पाण्यात बुडवतात. रक्ताचा थर जाड असतो ना, त्यातून आरपार दिसत नाही. पाण्यात तांबड्या पेशी फुटतात, लाल रंग धुऊन जातो आणि पिल्लू असेल तर ते पट्टीला चिकटून राहतं. मग रंग द्यायचा. भारतात त्यासाठी जेएसबी नावाचा रंग बराच वापरतात. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या आपल्याच शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात तो तयार केला. त्या काळी परदेशी रंग महाग होते, मिळायचेही मुश्किलीने. हा रंग स्वस्त आणि झटपट, म्हणून मलेरियाच्या कामात देशभर पोचला आणि हत्तीरोगासाठीही उपयोगी पडला.

आता सूक्ष्मदर्शक. आधी कमी ताकदीचं भिंग लावायचं आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने बघत जायचं. काही दिसलं की जास्त ताकदीचं भिंग. निळसर-जांभळं, डौलदार वळणं घेतलेलं पिल्लू दिसलं, तरी लगेच ओरडायचं नाही! आधी दोन गोष्टी तपासायच्या. एक, त्याच्या अंगावर पातळ पारदर्शक पिशवी आहे का? लहान भावाने मोठ्या भावाचा शर्ट घातला की बाह्या कशा लोंबतात, तशी ही पिशवी पिल्लाच्या डोक्यापुढे आणि शेपटीमागे उरलेली दिसते. दुसरं म्हणजे शेपटीचं टोक बघायचं. अंगभर गडद ठिपके असतात, ती पेशींची केंद्रकं. ती टोकापर्यंत गेली आहेत की अलीकडेच थांबली? टोक मोकळं असेल तर हा वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, आपल्याकडचा नेहमीचा. टोकाजवळ दोन ठिपके सुटे दिसले तर ब्रुगिया मलायी, जो केरळात आढळतो. एवढ्याशा शेपटीच्या टोकावरून जंताची जात ठरते!

या तपासणीत एक चकवाही आहे. ज्याचा पाय खूप सुजलाय त्याच्या रक्तात पुष्कळदा एकही पिल्लू सापडत नाही. आणि ज्याच्या रक्तात पिल्लं खच्चून भरलीत तो माणूस ठणठणीत दिसतो, शेतात जातो, सायकल हाणतो. डास त्याला चावून शेजाऱ्याकडे जातो. म्हणून तर आशाताई सुजलेल्या पायांच्याच घरी न जाता सगळ्यांच्या घरी जातात, आणि "आम्हाला काही झालं नाही" म्हणणाऱ्यांचंही रक्त मागतात.

वेळेचा हा नियम फक्त हत्तीरोगाला लागू आहे असं समजू नका.

रात्री ढुंगणाला खाज सुटते, झोप लागत नाही, असं झालंय कधी? हसू नका, जगभरच्या मुलांना होतं. पिनवर्म नावाचे बारीक पांढरे जंत आतड्यात असतात आणि त्यांची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते. त्यामुळे शौचाच्या नमुन्यात ती अंडी सहसा सापडतच नाहीत. मग युक्ती काय? सकाळी उठल्याबरोबर, संडासला आणि अंघोळीला जायच्या आधी, त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी टेकवायची, ती काचेवर चिकटवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. अंघोळ झाली की पुरावा वाहून गेला.

आमांश करणाऱ्या अमीबाचं उलटं. त्याला हालताना पकडायचं असेल तर नमुना अर्ध्या तासाच्या आत काचेखाली हवा. उशीर झाला की अमीबा मरतो आणि ओळखू येत नाही. त्याची कवचातली, झोपलेली अवस्था मात्र टिकते. तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकून आतली केंद्रकं मोजायची. पूर्ण वाढलेल्या कवचात चार असतील तर आजाराची शंका घ्यायची. आठ असतील तर तो आतड्यातला एक निरुपद्रवी पाहुणा, त्याला औषध लागत नाही. चार की आठ, एवढं मोजायला चुकलं तर माणसाला नको ते औषध घ्यावं लागेल.

गोल जंताची मादी दिवसाला जवळजवळ दोन लाख अंडी घालते, त्यामुळे ती सापडायला सोपी. हुकवर्म या जंताची अंडी पातळ कवचाची, आत चार-आठ पेशी. नमुना गरम हवेत दिवसभर तसाच राहिला तर ती अंडी उबतात आणि अळी बाहेर येते! विदर्भाच्या उन्हाळ्यात नमुना टेबलावर विसरणं किती महागात पडेल बघा.

नव्या विद्यार्थ्याला खरा त्रास देतात ते परजीवी नसलेले. हवेचे बुडबुडे, तेलाचे थेंब, भाजीतले तंतू, फुलांचे परागकण. परागकण तर इतके रेखीव असतात की पाहणाऱ्याला वाटतं, सापडलं अंडं! म्हणून चांगले शिक्षक आधी मापायला शिकवतात. सूक्ष्मदर्शकाच्या आत बसवलेल्या बारीक पट्टीवर वस्तूची लांबी मोजायची, मगच नाव घ्यायचं. मला हा नियम फार आवडतो. डोळ्यांना जे वाटतं त्याला इथं माप द्यावं लागतं.

हुकवर्मवरून आठवलं, सेवाग्रामच्या एका फार मोठ्या माणसाला तो झाला होता. महात्मा गांधींना! १९४४च्या एप्रिल महिन्यात, पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या कैदेत असताना ते मलेरियाने आजारी पडले आणि ६ मे रोजी त्यांची सुटका झाली. पुढच्या तपासण्यांत त्यांच्या पोटात हुकवर्म आणि अमीबा दोन्ही असल्याचं आढळलं. एकाच माणसाला तीन परजीवी. हुकवर्मची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. ताप दिसतो, थकवा जाणवतो, पण तो कशाने आलाय हे सूक्ष्मदर्शकानेच सांगायचं, मग समोर गांधीजी असोत की शेतात राबणारी एखादी आजी. त्या कैदेत गांधीजींसोबत असलेल्या डॉक्टर सुशीला नायर यांनीच पुढे १९६९ साली सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं.

त्याच महाविद्यालयात उष्णकटिबंधीय आजारांचं एक संशोधन केंद्र आहे, जमनालाल बजाज यांच्या नावाचं. डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं वर्ध्यातल्या हत्तीरोगावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्या आजीचाच होता: रात्री न जागता हा जंत ओळखता येईल का? पिल्लं दिवसा लपतात हे खरं. पण मोठे जंत अंगात असतात, खातात-पितात आणि काही रसायनं रक्तात सोडत राहतात. शिवाय आपलं शरीर त्यांच्याशी लढायला प्रतिपिंडं नावाचे पदार्थ तयार करतं. जंत लपला तरी या खुणा लपत नाहीत, त्या दिवसाही रक्तात सापडतात. अशा खुणा पकडण्याच्या पद्धतींवर जगभर काम झालं आणि सेवाग्रामही त्यात होतं.

आज त्यातूनच आलेली एक छोटी पट्टी सर्वेक्षणांत वापरतात. बोटाचं रक्त पट्टीवर सोडायचं आणि बरोबर दहा मिनिटांनी बघायचं. एक रेघ आली तर जंत नाही, दोन आल्या तर आहे. दहा मिनिटं उलटून गेल्यावर बघितलं तर खोटी रेघ उमटू शकते, म्हणून कर्मचारी घड्याळ समोर ठेवूनच बसतो. म्हणजे वेळेचा धाक इथंही सुटला नाहीच!

मग रात्रीच्या काचपट्ट्या अजून कशाला? कारण पट्टी सांगते की मोठा जंत अंगात आहे. डासाला देण्याजोगी पिल्लं रक्तात फिरताहेत की नाही, आणि किती, ते काचपट्टीच सांगते. सामुदायिक औषधोपचार मोहिमेत गावागावांत गोळ्या खाऊ घातल्या जातात. त्यांचा उपयोग होतोय का हे पाहायला दोन्ही लागतात.

आणि शेवटची परीक्षा कोणाची घेतात ठाऊक आहे? सहा-सात वर्षांच्या मुलांची! एखाद्या भागात गोळ्या देऊन बरीच वर्षं झाली आणि आजार आटोक्यात आला असं वाटलं, की आरोग्य पथक शाळेत जातं आणि पहिली-दुसरीच्या मुलांच्या बोटाचं रक्त त्या पट्टीवर तपासतं. मोठ्या माणसाच्या अंगातला जंत कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो. पण सहा वर्षांच्या मुलाच्या अंगात जंत सापडला, तर तो गेल्या सहा वर्षांतच शिरलेला असणार, म्हणजे डास अजून त्याची ने-आण करताहेत. मग पुन्हा गोळ्या. आणि मुलांच्या पट्ट्यांवर जवळजवळ सगळीकडे एकच रेघ आली, तर गोळ्यांची मोहीम थांबवता येते. त्यानंतरही काही वर्षांच्या अंतराने दोनदा हीच तपासणी पुन्हा होते, नव्या पहिली-दुसरीच्या मुलांवर. श्रीलंका असल्याच परीक्षा देत देत २०१६ साली पास झाली. वर्ध्याच्या शाळेत पथक आलं तर पहिलीतल्या धाकट्या भावंडाला सांगा, सुई मुंगी चावल्याइतकीच टोचते, आणि दहा मिनिटं घड्याळाकडे तूही बघ.